दादाच्या स्लाइडवरचा तपकिरी रंग

दादाचा फोन आला तेव्हा मी मायक्रोस्कोपवरच बसले होते. "रिपोर्ट आला गं. पॉझिटिव्ह आहे," एवढंच बोलून तो गप्प झाला. मानेतली गाठ कॅन्सरची आहे, हे आम्हाला आठवडाभर आधीच कळलं होतं. मग आता आणखी काय पॉझिटिव्ह आलं, हे मला क्षणभर उमजेना. म्हटलं, "लिहिलंय तसं वाच." त्याने अक्षर अक्षर लावत वाचलं. पी१६ पॉझिटिव्ह.

त्याच्या आवाजात भीती होती आणि माझा जीव भांड्यात पडला होता. "अरे, हे चांगलं आहे!" मी जवळजवळ ओरडलेच. पुढचं काही बोलायच्या आत मला कुणीतरी बोलावलं आणि फोन ठेवावा लागला. ते अर्धं वाक्य दादाने पुढचे चार दिवस मनात घोळवलं आणि त्यातून स्वतःपुरता एक निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष खोडून काढायला मला पुढे फार कष्ट पडले. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

मी सव्वीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट आहे. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, त्याचे केसापेक्षा पातळ काप घ्यायचे, रंगवायचे आणि बघायचे, हे माझं काम. पेशंट मला दिसत नाही, त्याच्या पेशी दिसतात. दादाच्या बाबतीत प्रथमच असं झालं की पेशीही माझ्या समोर आणि माणूसही.

गाठ त्याला दाढी करताना लागली. डाव्या जबड्याखाली, दुखत नव्हती. पहिल्या डॉक्टरांनी सुई घातली तर पाणी निघालं, म्हणून साधी सिस्ट असेल असं ठरलं आणि सहा आठवडे गेले. मी त्या डॉक्टरांना फार दोष देत नाही. टॉन्सिलच्या या प्रकारच्या कॅन्सरमध्ये मानेतली गाठ आतून पोकळ, पाण्याने भरलेली असणं हे नेहमीचं आहे. पण चाळिशीनंतर मानेत नव्याने आलेली पाण्याची गाठ कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच समजायची, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. आणि माझ्याच भावाने ती गाठ मला सहा आठवडे दाखवली नाही. मूळ निघालं डाव्या टॉन्सिलमध्ये, अडीच सेंटिमीटरचं. मानेत त्याच बाजूला दोन गाठी.

तर पी१६ म्हणजे काय. दादा गणिताचा शिक्षक, निवृत्त होऊनही शिकवणं न सुटलेला. त्याला 'चांगलं' हा शब्द चालत नाही, 'का' लागतं. मी त्याला असं सांगितलं.

पेशीने किती वेळा दुभंगायचं यावर ब्रेक असतात. त्यातल्या एका ब्रेकचं नाव आरबी. पी१६ हे प्रथिन म्हणजे त्या ब्रेकच्या पेडलवरचा पाय. आता एचपीव्ही नावाचा विषाणू टॉन्सिलच्या किंवा जिभेच्या मुळाच्या पेशीत घुसतो आणि आपली दोन प्रथिनं तयार करतो, ई६ आणि ई७. ई७ आरबीला निकामी करतं, म्हणजे ब्रेकची वायरच तोडतं. पेशीला वाटतं गाडी थांबत नाही, म्हणून ती पेडल आणखी दाबते. पी१६ भरमसाट वाढतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही. आम्ही ते प्रथिन तपकिरी रंगाने रंगवतो. विषाणू आम्हाला दिसत नाही, त्याच्यामुळे पेशीची उडालेली तारांबळ दिसते.

ई६ दुसरं काम करतं, पी५३ या रखवालदाराला मोडीत काढतं. पण यात एक गंमत आहे. तंबाखूने झालेल्या कॅन्सरमध्ये पी५३ चं जनुकच बऱ्याचदा बिघडलेलं असतं. २००७ साली ४२० पेशंटांच्या गाठी तपासल्या, त्यात ५३.३ टक्क्यांमध्ये असा बिघाड सापडला आणि बिघाड असलेले पेशंट कमी जगले. एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये मात्र जनुक बहुधा शाबूत असतं, फक्त दाबून टाकलेलं असतं. दोन्ही एकाच घशात, दोन्ही मायक्रोस्कोपखाली स्क्वॅमस, म्हणजे घशाच्या अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सरच, पण जात वेगळी. रेडिएशनला आणि केमोला दोघांचं उत्तरही वेगळं येतं.

मी दादाचे ब्लॉक आणि स्लाइड मागवून घेतल्या. मला रिपोर्ट द्यायचा नव्हता, आपल्या माणसाच्या तुकड्यावर आपण सही करू नये. फक्त बघायचं होतं. नियम असा की गाठीतल्या निदान ७० टक्के पेशींमध्ये, केंद्रकात आणि भोवतालच्या द्रवात दोन्हीकडे, मध्यम ते गडद रंग हवा. तरच पॉझिटिव्ह. मी अशा स्लाइडही बघितल्या आहेत जिथे ५५-६० टक्के पेशी फिकट रंगलेल्या असतात आणि दोन अनुभवी माणसं दोन मतं देतात. दादाची तशी नव्हती. कडेपासून कडेपर्यंत एकसारखा गडद तपकिरी. मी ती स्लाइड बराच वेळ हलवत राहिले, उगीचच.

२०१० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००२ ते २००५ या काळात एका चाचणीत दाखल झालेल्या पेशंटांपैकी टॉन्सिल, जिभेचं मूळ अशा घशाच्या मधल्या भागाचा कॅन्सर असलेल्या ३२३ जणांच्या गाठी त्यात तपासल्या होत्या. २०६ जणांमध्ये एचपीव्ही मिळाला, म्हणजे ६३.८ टक्के. तीन वर्षांनी एचपीव्ही असलेल्यांपैकी ८२.४ टक्के जिवंत होते आणि नसलेल्यांपैकी ५७.१ टक्के. वय, गाठीचा आकार, धूम्रपान, सगळं हिशेबात धरूनही मृत्यूचा धोका ५८ टक्क्यांनी कमी. आमच्या क्षेत्रात एका मार्करने, म्हणजे आजाराबद्दल काही सांगणाऱ्या एका खुणेने, इतका फरक दाखवणं फार दुर्मीळ आहे. फोनवर मी ओरडले ती यामुळे.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती आणि ती स्लाइडवर दिसत नाही. धूम्रपान.

त्याचा हिशेब पॅक-इयरमध्ये करतात. रोज वीस सिगारेटी वर्षभर म्हणजे एक पॅक-इयर. मी दादाला विचारलं तेव्हा वहिनी शेजारी बसली होती. "रोज पाच-सहा, पंधरा वर्षं. मग सोडली," तो म्हणाला. सहा भागिले वीस गुणिले पंधरा, साडेचार. दहाच्या आत. मी म्हटलं उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, गॅलरीतून बोलत असावा, आवाज दबका होता. "काल सांगितलं ते खरं नाही. रोज बारा. बावीस वर्षं." मी काही बोलायच्या आत त्यानेच गुणाकार केला होता. १३.२.

त्या २०१० च्या अभ्यासात एचपीव्ही पॉझिटिव्ह लोकांचे पुढे भाग पाडले आहेत. दहा पॅक-इयरपर्यंतचे लोक कमी धोक्याच्या गटात, तीन वर्षांनी ९३ टक्के जिवंत. दहापेक्षा जास्त ओढलेल्यांच्या मानेत एकाहून अधिक गाठी असतील तर ते मधल्या गटात, ७०.८ टक्के. एचपीव्ही नसलेले बहुतेक लोक तिसऱ्या गटात, ४६.२ टक्के. दादाच्या मानेत दोन गाठी होत्या.

"म्हणजे माझ्या एका फोनने ९३ चे ७०.८ झाले?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, तू काल रात्री जो होतास तोच आज सकाळी आहेस. बदलला तो तू ज्या रांगेत उभा आहेस ती रांग. आकडा रांगेचा असतो, तुझा नसतो. तो लगेच म्हणाला, हे मी तीस वर्षं मुलांना शिकवलंय, पण मीच रांगेत उभा असेन असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आणि दहा हा आकडा काही निसर्गाने आखलेली रेघ नाही. साडेनऊ आणि साडेदहा यांच्यात पेशीला काही कळत नाही. धोका हळूहळू चढत जातो, माणसांनी हिशेबासाठी कुठेतरी पायरी पाडली. पण पायरी पाडली की लोक तिच्या अलीकडे उभं राहायला धडपडतात, दादाने नेमकं तेच केलं. एवढी महागडी रसायनं, एवढी यंत्रं, आणि त्यांच्या तोडीचा मार्कर पेशंटने बायकोसमोर खरं बोलण्यावर अवलंबून. तेव्हापासून आमच्याकडे घशाचा तुकडा आला आणि सोबतच्या कागदावर धूम्रपानाचा रकाना रिकामा असला, की मी स्वतः फोन करते. पेशंटशी एकट्याने बोललात का, हेही विचारते.

याच सुमाराला दादाने मला एक जुनं आणि एक नवं पुस्तक समोरासमोर ठेवून दाखवलं. खरं तर संगणकावरची दोन पानं. स्टेज ठरवायचे जुने नियम लावले तर त्याचा आजार चौथ्या स्टेजचा. २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत पी१६ पॉझिटिव्ह कॅन्सरसाठी वेगळा तक्ता आहे, त्यात तोच आजार पहिल्या स्टेजचा. गाठी त्याच, मान तीच. त्याने ज्या ज्या नातेवाइकांना 'चौथी स्टेज' असं ऐकवलं होतं त्यांना परत फोन करून 'पहिली' सांगायचं का, असं वहिनी विचारत होती. मी म्हटलं, दोन्ही सांगू नका. आकडा ऐकून लोक उपचाराचा अंदाज बांधतात, आणि इथे उपचार दोन्ही तक्त्यांत सारखाच होता. नव्या तक्त्यात सिगारेटींचाही हिशेब नाही. पहिली स्टेज आणि तरी मधला धोका, हे दोन्ही एकाच माणसाबद्दल एकाच वेळी खरं होतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हट्ट धरला ती. पी१६ पॉझिटिव्ह आलं तरी एचपीव्ही खरोखर आहे का, ते मी वेगळ्या तपासणीने बघायला लावलं. ई६ आणि ई७ चा आरएनए पेशीत आहे का, हे त्याच ब्लॉकवर तपासता येतं. दादाचे डॉक्टर म्हणाले पी१६ पुरेसं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ते पुरेसं मानतातही. पण २०२३ मध्ये ७,६५४ पेशंटांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला होता, तो मी नुकताच वाचला होता. ९.२ टक्के लोकांमध्ये दोन तपासण्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर पाच वर्षांनी ८१.१ टक्के जिवंत. दोन्ही निगेटिव्ह असतील तर ४०.४. आणि पी१६ पॉझिटिव्ह पण एचपीव्ही निगेटिव्ह असेल तर ५४.७. म्हणजे केवळ तपकिरी रंग बघून ज्याला आपण 'चांगलं' म्हणतो, त्यातला एक छोटा गट वेगळ्याच वाटेने निघालेला असतो. पी१६ पॉझिटिव्ह असलेल्या शंभरांतले साधारण अकरा.

त्यात आणखी एक बारकावा आहे आणि तो दादाला माझ्याआधी कळला. ज्या प्रदेशात घशाच्या कॅन्सरमागे एचपीव्हीचा वाटा कमी, तिथे ही फसगत जास्त. मी समजावायला लागले तर म्हणाला, "अगं, सोपं आहे. शंभरातले सत्तर खरे असतील तर चुकीची घंटा वाजलेले थोडे. शंभरातले दहाच खरे असतील तर घंटा वाजलेल्यांत चुकीचे किती तरी जास्त. घंटा तीच." मला हे इतकं नेटकं कधी सांगता आलं नव्हतं. त्यामुळे कुठल्यातरी दुसऱ्या देशातल्या रुग्णालयाचा आकडा उचलून आपल्या पेशंटला सांगण्याआधी, आपल्याकडे मुळात किती जणांना एचपीव्हीमुळे हा आजार होतो, हे विचारायला हवं.

आरएनएचा निकाल यायला नऊ दिवस लागले. आला, पॉझिटिव्ह. या वेळी मी फोनवर 'चांगलं' म्हटलं नाही. "अपेक्षेप्रमाणे आहे" म्हटलं.

पण तोवर उशीर झाला होता. दादाने त्या पहिल्या अर्ध्या वाक्यावरून आणि इंटरनेटवर रात्री वाचून काढलेला निष्कर्ष माझ्यासमोर ठेवला. या जातीचा कॅन्सर उपचाराला छान दाद देतो. उपचारांचा त्रास मात्र भयंकर: तोंड कोरडं पडणं, गिळता न येणं, सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने कान जाणं. तर मग उपचार कमी का करू नयेत? सिस्प्लॅटिनऐवजी ते दुसरं सौम्य इंजेक्शन, सेटुक्सिमॅब, का नको? रेडिएशनचे दिवस थोडे कमी केले तर?

हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. जगभरातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही हेच वाटलं होतं, आणि वाटलं एवढ्यावर न थांबता त्यांनी ते तपासून पाहिलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. दोन चाचण्या २०१८ साली एकदमच पुढे आल्या. एकीत ३३४ पेशंट होते. रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी ९७.५ टक्के जिवंत, सेटुक्सिमॅब घेतलेल्यांपैकी ८९.४. आजार परत आला तो सिस्प्लॅटिनवर ६ टक्क्यांमध्ये, सेटुक्सिमॅबवर १६.१ टक्क्यांमध्ये. दुसऱ्या, मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी ८४.६ विरुद्ध ७७.९. आणि ज्या त्रासातून सुटका व्हावी म्हणून हा खटाटोप, तो गंभीर त्रास एकूणात कमी झालाच नाही. फक्त त्याचं रूप बदललं.

मी दादाला तेव्हा सांगितलं ते आज इथे पुन्हा लिहिते, कारण घशाच्या कॅन्सरच्या मार्करबद्दल मला सांगायचं आहे ते एवढंच आहे. मार्करने वर्तवलेलं भविष्य पूर्ण उपचार गृहीत धरून वर्तवलेलं असतं. ८२ टक्के हा आकडा ज्यांनी सगळी रेडिएशन घेतली, सिस्प्लॅटिन सोसलं, त्यांचा आहे. उपचार कापून टाकायचे आणि तो आकडा आपल्याजवळ ठेवायचा, असं होत नाही. आजार पुढे कसा वागेल हे सांगणं एक, आणि कोणता उपचार द्यायचा हे सांगणं दुसरं. पहिलं काम करणारे मार्कर पुष्कळ आहेत. दुसरं काम करणारे बोटावर मोजण्याइतके.

याचं मला सर्वांत बोचणारं उदाहरण ईजीएफआरचं आहे. गाठीत हे प्रथिन भरपूर असेल तर आजार जास्त चिवट, हे आम्हाला कितीतरी आधी दिसलं होतं. सेटुक्सिमॅब नेमकं त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतं. मग ज्याच्या गाठीत ते जास्त, त्याला औषध जास्त लागू पडायला हवं, नाही का? तसं झालं नाही. प्रथिन मोजून औषध कुणाला लागू पडेल ते सांगता आलं नाही. मीही त्या काळात ईजीएफआरच्या कितीतरी स्लाइड मोठ्या आशेने मोजल्या होत्या.

दुसरं काम थोडंफार जमतं ते पीडी-एल१ ला, म्हणजे ज्याच्या आड कॅन्सर प्रतिकारशक्तीपासून लपतो त्या प्रथिनाला, तेही मुख्यतः आजार परत आलेल्या किंवा पसरलेल्या लोकांमध्ये. तिथे आम्ही सीपीएस नावाचा गुण देतो: रंगलेल्या कॅन्सरच्या पेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी मिळून मोजायच्या, त्यांना कॅन्सरच्या एकूण जिवंत पेशींनी भागायचं, शंभरने गुणायचं. २०१९ च्या ८८२ पेशंटांच्या चाचणीत गुण २० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळं करणारं औषध एकट्याने दिलं तेव्हा निम्मे लोक १४.९ महिन्यांच्या पुढे जगले, जुन्या उपचारावर तोच आकडा १०.७. गुण १ किंवा जास्त धरला तर १२.३ विरुद्ध १०.३. म्हणजे गुण जसा चढतो तसा फायदा वाढतो. पण मोजणाऱ्याच्या खुर्चीतून सांगते, तुकड्याच्या एका कोपऱ्यात ४० आणि दुसऱ्यात २ असा गुण येऊ शकतो. सुईने घेतलेला दोऱ्याएवढा तुकडा कुठल्या कोपऱ्यातून आला, यावर औषध ठरतं. असा रिपोर्ट लिहिताना मी तुकडा किती मोठा होता हे न चुकता लिहिते.

स्वरयंत्राबद्दल थोडं लिहिते, कारण 'घशाचा कॅन्सर' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बसलेला आवाजच येतो. तिथे पी१६ मागवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्वरयंत्रात एचपीव्हीचा वाटा फार थोडा, आणि तिथला तपकिरी रंग टॉन्सिलमधल्या रंगासारखं काही सांगत नाही. तरी मला दर महिन्याला अशा मागण्या येतात. एकदा एका पेशंटचा मुलगा स्वतः रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आला होता. वडिलांच्या स्वरयंत्राच्या गाठीवर कुणीतरी पी१६ करून 'पॉझिटिव्ह, रोगाचा अंदाज चांगला' असं लिहून दिलं होतं. तो मुलगा आनंदात होता. त्याला खरं सांगायला मला पाऊण तास लागला.

स्वरयंत्राच्या बाबतीत सर्वांत उपयोगी पडलेला 'मार्कर' स्लाइडवरचा नव्हताच. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ३३२ पेशंटांच्या चाचणीत आधी केमो देऊन बघितली. गाठ आकसली तर रेडिएशन, नाही आकसली तर शस्त्रक्रिया. दोन्ही गटांत दोन वर्षांनी ६८ टक्के जिवंत, पण केमोच्या गटातल्या ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं. गाठीला विचारायचं आणि तिचं उत्तर ऐकून पुढचं ठरवायचं. मी रंगांवर पोट भरणारी बाई आहे, तरी मला ही पद्धत फार आवडते.

दादाने अखेर पूर्ण उपचार घेतले. ७० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), रोज दोन, पस्तीस दिवस, सात आठवडे. सिस्प्लॅटिनचे दोन डोस पूर्ण झाले, तिसऱ्याच्या आधी कानात शिट्टी सुरू झाली म्हणून डॉक्टरांनी तो थांबवला. सहाव्या आठवड्यात नळीतून अन्न जात होतं, मानेची कातडी सोलून निघाली होती. तिसाव्या दिवशी त्याने पाटीवर लिहून दाखवलं, "पुरे. तीस झाले." बोलता येत नव्हतं. मी त्याच्यावर रागावले, मग रडले, मग दोन्ही चाचण्यांचे आकडे परत म्हणून दाखवले. त्याने पाटी पुसली. एकतिसाव्या दिवशी वहिनीने त्याला धरून नेलं.

बारा आठवड्यांनी पेट-सीटी स्वच्छ आलं. मग त्याने रक्ताच्या तपासणीचं काढलं. गाठीतून सुटलेले एचपीव्हीच्या डीएनएचे तुकडे रक्तात सापडतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११५ पेशंटांवर नजर ठेवली होती. ज्या ८७ जणांच्या रक्तात उपचारानंतर एकदाही काही सापडलं नाही, त्यांच्यापैकी कुणाचाही आजार परतला नाही. लागोपाठ दोनदा सापडलेल्या १६ जणांपैकी १५ जणांचा परतला. मला या तपासणीबद्दल खरी आशा वाटते, पी१६ नंतर इतकी कशाहीबद्दल वाटली नव्हती. दादाला मी एकच विचारलं: एकदाच पॉझिटिव्ह आलं आणि स्कॅनमध्ये काही दिसलं नाही, तर दुसऱ्या तपासणीपर्यंत तू झोपशील का? त्याने दोन दिवस विचार केला आणि सध्या नको म्हणाला. दुसऱ्या कुणी हो म्हटलं तर तेही मी समजू शकते.

२०२४ च्या शरद ऋतूत आणखी एका चाचणीचे आकडे आले. दादाचे उपचार संपून तेव्हा वर्ष झालं होतं. एचपीव्हीचा कॅन्सर, कमी धोक्याचे लोक, आणि ७० ऐवजी ६० ग्रे. सिस्प्लॅटिन दोघांनाही. दोन वर्षं आजार परत न येता जगलेले ७० ग्रेच्या गटात ९८.१ टक्के, ६० ग्रेच्या गटात ८८.६. सिस्प्लॅटिन काढून पेम्ब्रोलिझुमॅबच्याच जातीचं निव्होलुमॅब दिलेल्या तिसऱ्या गटात ९०.३. मी रात्री दादाला फोन केला आणि आकडे वाचून दाखवले.

"दहा ग्रे म्हणजे पाच दिवस," तो म्हणाला. आता त्याला बोलता येतं, फक्त दर दोन वाक्यांनी पाण्याचा घोट घ्यावा लागतो. तो घोट मला फोनवर ऐकू आला. "एकतीस ते पस्तीस."

"हो."

"त्यांच्यात माझ्यासारखे सिगारेट ओढणारे होते?"

"नाही. सगळे दहाच्या आतले."

"मग मला साडेनऊ टक्क्यांचा हा फरक लावता येणार नाही," तो म्हणाला, आणि वहिनीला हाक मारून विचारलं की ती पाटी कुठे ठेवली आहे.